जुन्या फियाटची ताकद वाढवायची, तर पैसा आधी कुठे घालावा?

मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस कायमची उठली. ताडदेवच्या आर.टी.ओ.त या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ती तारीख आली आणि तिचा जमाना संपला. पण ही मुदत टॅक्सीची होती. खासगी पद्मिनी, जिला आपले लोक आजही 'फियाट'च म्हणतात, ती अजून पुष्कळ ठिकाणी आहे. भिवंडीत, मालेगावात, कुर्ल्यात, कोकणातल्या बंद घरांच्या पडवीत, कुणाच्या वडिलांची, कुणाच्या सासऱ्यांची.

हल्ली या गाड्यांना पुन्हा बाहेर काढण्याची हौस वाढली आहे, आणि ती वाईट नाही. मात्र गाडी बाहेर निघाली की घरातल्या तरुणांची पहिली मागणी असते ती 'पिकअप'ची. मोठा कार्बोरेटर बसवा, सायलेन्सर बदला, नाहीतर इंजिनच दुसरे टाका. गेल्या वर्षभरात ओळखीच्या तीन-चार व्यापाऱ्यांनी आम्हाला हाच प्रश्न केला की मुलगा असे असे म्हणतो, पैसे घालावेत काय?

आम्ही मिस्त्री नव्हे. आमचा धंदा कापडाचा, शिक्षण उर्दू शाळेतले, आणि गाडीविषयी जे काही कळते ते गॅरेजच्या बाकड्यावर बसून आणि उस्ताद लोकांचे हात पाहून कळलेले. पण थोडे भांडवल असताना ते आधी कुठे घालावे, हा प्रश्न जितका मिस्त्रीचा तितकाच व्यापाऱ्याचा आहे. म्हणून याच पानावर त्याचा हिशेब मांडत आहोत.

प्रथम गाडी समजून घ्यावी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ही गाडी तयार होत असे. १९६४ च्या सुमारास ती '११०० डिलाइट' होती, पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. नावे बदलली, पण आतले यंत्र जवळपास तेच राहिले. चार सिलिंडर, ६८ मि.मी. बोअर, ७५ मि.मी. स्ट्रोक, एकूण १०८९ सी.सी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचे. चार गिअर, मागच्या चाकांना जोर, मागे पाट्याच्या स्प्रिंगा आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. नवी असताना ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या लहानातल्या लहान मोटारीशी तुलना केली तर ही ताकद थोडीच म्हणायची. पण ज्या गाडीला चाळीस वर्षे झाली, तिच्यात तेवढीही उरलेली नसते. मुलाला जी गाडी मंद वाटते ती मुळातच मंद होती असे नाही. पुष्कळदा ती थकलेली असते, आणि थकलेल्या गाडीला नवे सामान जोडणे म्हणजे विरलेल्या थानाला जरीचा काठ शिवणे. काठ शाबूत राहतो आणि कापड फाटते.

गेलेली ताकद आधी परत आणावी

म्हणून पहिला खर्च कोणत्याही नव्या वस्तूवर न करता तपासणीवर करावा. कॉम्प्रेशन गेज नावाचे एक साधे घड्याळ असते. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायचा. आकडा नेमका किती आला यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचे. तीन सिलिंडर सारखे आणि एक दहा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर तिथे दोष आहे. मग त्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजले आहेत, न वाढला तर व्हॉल्व बसत नाहीत किंवा हेड गॅस्केट फुंकते आहे. एवढ्या दहा मिनिटांच्या कामाने पुढचा मोठा खर्च कुठे जाणार ते कळते. जो मिस्त्री हे न करता "इंजिन खोलावे लागेल" असे सांगतो, त्याच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

इंजिन खोलणे भाग पडलेच तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, बोअर मोठा करून ताकद वाढते हा बाजारातला गोड गैरसमज आहे. ६८ मि.मी.चा बोअर ६८.६ केला तर इंजिन १०८९ चे साधारण ११०९ सी.सी. होते, म्हणजे दोन टक्केही वाढ नाही. बोअर करावा तो झीज काढण्यासाठी. दुसरी गोष्ट व्हॉल्वच्या सीटांची. ही गाडी शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातली आहे, आणि ते शिसे व्हॉल्वच्या सीटला एक प्रकारचे संरक्षण देत असे. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. तेव्हा हेड उतरलेच असेल तर जुन्या सीटा काढून कठीण धातूच्या सीटा बसवून घ्याव्यात. हेडचे तोंड सपाट आहे की नाही तेही त्याच वेळी पाहावे, कारण अॅल्युमिनियमचे हेड एकदा जरी अति तापले तरी वाकते.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचा सल्लाही मिळतो. त्यात तथ्य आहे, पण किती? साडेसातचे प्रमाण साडेआठवर नेले तर पुस्तकी हिशेबाने कार्यक्षमता चार टक्क्यांच्या आसपास वाढते. आजच्या पेट्रोलचा ऑक्टेन त्या काळापेक्षा जास्त असल्याने गाडी एवढे सोसेल. पण तापमानाचा बंदोबस्त नसताना हे करणे म्हणजे चार टक्क्यांसाठी हेड गॅस्केट पणाला लावणे होय.

इंजिन ठीक असेल तर खरी कमाई कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्यूटरमध्ये आहे. सोलेक्स कार्बोरेटरच्या थ्रॉटलचा दांडा वर्षानुवर्षे फिरून भोक लंबगोल करतो. तिथून चोरटी हवा जाते, गाडी आयडलवर थरथरते, आणि मिस्त्री जेट बदलत बसतो. जेट कितीही बदलले तरी भोक तेच राहते. ते काम लेथवाल्याचे आहे. भोक मोठे करून पितळी बुश ठोकला की कार्बोरेटर नव्यासारखा होतो. डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्याचेही तसेच. दांडा डुलत असेल तर पॉइंटचा गॅप दर फेरीला बदलतो आणि टायमिंग कधी एका जागी राहत नाही. आधी बुश, नंतर पॉइंट. टॅपेट, टायमिंग, प्लग आणि स्वच्छ कार्बोरेटर, इतके झाल्यावर अनेकांना गाडी बदलल्यासारखी वाटते. आम्ही तर म्हणू की निम्म्या लोकांची हौस इथेच पुरी होते.

पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हा मात्र जुन्या गाडीसाठी खरोखर चांगला सौदा आहे. त्याने अश्वशक्ती फारशी वाढत नाही, पण जी आहे ती रोज सारखी मिळते. पावसाळ्यात सकाळी गाडी लवकर लागते आणि पॉइंट घासण्याची कटकट जाते. अट एवढीच की डिस्ट्रिब्यूटरचा दांडा ठीक असावा, आणि काढलेला पॉइंट-कंडेन्सरचा संच डिकीत ठेवावा. मालेगावच्या रस्त्यात मॉड्यूल गेले तर ते दुरुस्त करणारा भेटत नाही. पॉइंट बसवणारा कुठेही भेटतो.

पेट्रोलचा एक नवा प्रश्न आहे. २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ मध्ये काही पंपांवर आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. इथेनॉल जुन्या जातीचे रबर फुगवते, हवेतली ओल ओढून घेते आणि मिश्रण पातळ करते. कार्बोरेटरवाल्या गाडीत संगणक नसल्याने ती स्वतःला सावरू शकत नाही. तेव्हा टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सर्व रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि गॅस्केटा इथेनॉल सोसणाऱ्या मालाच्या बसवाव्यात, आणि मुख्य जेट गरजेप्रमाणे किंचित मोठा करावा. गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये. चिरा पडलेला पाइप तापलेल्या इंजिनावर गळू लागला तर काय होते ते सांगायला नको. हा खर्च आम्ही ऐच्छिक मानत नाही.

धावणारी गाडी थांबलीही पाहिजे

आता ब्रेक. इथे जरा थांबून बोलावेसे वाटते, कारण आमच्या नात्यातल्या एका तरुणाच्या गाडीचे उदाहरण समोर आहे. त्याने एका गॅरेजवाल्याच्या भरवशावर फियाटला दुसऱ्या कंपनीचे मोठे इंजिन बसवले. ताकद जवळजवळ दुप्पट. "मामू, आता कसारा घाट टॉपवर चढते," असे तो आम्हाला मोठ्या आनंदाने सांगत असे. ब्रेक मात्र मूळचेच, चार ड्रम, बूस्टर नाही. नाशिककडून भिवंडीला येताना तोच कसारा घाट उतरावा लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर पेडल कडक, पण गाडी थांबेना. अल्लाहचा शुक्र की बाजूच्या कठड्याला घासून ती अडली, माणसे वाचली. ज्या गॅरेजवाल्याने इंजिन बसवले होते त्याने हात झटकले, आणि विमा कंपनीने बदल कळवला नव्हता म्हणून दावा नाकारला. गाडी दोन वर्षे ताडपत्रीखाली पडून आहे.

यात नशिबाचा भाग थोडा आणि हिशेबाचा जास्त. गाडीचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० कि.मी. ऐवजी ८० ने चालली तर वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण थांबवण्यासाठी ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा जवळजवळ पावणेदोन पट होते. ही सगळी ऊर्जा उष्णता बनून ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फैलावतो, लायनिंगची पकड सुटते, आणि घाटात तो थंड व्हायला वेळ मिळत नाही. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की ओल्या लायनिंगचा वेगळाच त्रास. म्हणजे ज्याने इंजिनाला शंभर रुपये दिले त्याने ब्रेकला आधी शंभर दिलेले असले पाहिजेत.

यंत्रमागवाल्या बंधूंना हे लवकर उमजेल. जुन्या मागाची पुली बदलून गती वाढवणारे आपण सर्वांनी पाहिले आहेत. महिनाभर माल जास्त निघतो. मग धागा तुटतो, पिकिंगचा दांडा मोडतो, कधी धोटा उडून कुणाला लागतो. मागाची चौकट ज्या गतीसाठी ओतलेली आहे ती गती पुली बदलून बदलत नाही.

ब्रेकसाठी पहिले काम म्हणजे मूळ ड्रम व्यवस्था नव्यासारखी करणे. ड्रम लेथवर गोल करून घ्यावेत, पण ठरलेल्या मर्यादेपेक्षा पातळ झाले असतील तर बदलावेत. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदलावे, कारण ते हवेतली ओल शोषते आणि तापल्यावर आत वाफ होऊन पेडल खाली जाते. पुढच्या चाकांना डिस्क लावण्याची फॅशन आहे. ती चुकीची नाही, मात्र अर्धवट केली तर ड्रमपेक्षा वाईट. डिस्कच्या कॅलिपरला जास्त ऑइल आणि जास्त दाब लागतो. जुना मास्टर सिलिंडर तेवढे देत नाही. शिवाय ड्रमसाठी बनवलेल्या मास्टरमध्ये लाइनीत थोडा दाब धरून ठेवण्याची सोय असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सदैव घासत राहतात. म्हणून डिस्क, त्याला जुळणारा मास्टर, बूस्टर आणि मागच्या-पुढच्या ब्रेकचा तोल, हा एकच संच समजावा. नुसत्या भंगारातल्या डिस्क आणून पट्टी वेल्ड करून देणारा माणूस कितीही ओळखीचा असो, त्याला सलाम करून निघावे.

तापमान, करंट आणि चाके

मुंबई-ठाण्याच्या ट्रॅफिकमध्ये फियाट तापते हे जुने दुखणे. त्यावर मिस्त्री लोकांचा जुना इलाज म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणे. याने सुई खाली राहते, पण इंजिन नेहमी अर्धे थंड चालते, पेट्रोल जास्त खाते आणि बोअर लवकर झिजतो. रेडिएटर उतरवून नळ्या सळईने साफ करून घ्या, नाहीतर नवा कोअर भरून घ्या. आमच्याकडे भिवंडीत तर हवेतला कापसाचा तंतू रेडिएटरच्या जाळीत पाटीसारखा बसतो. तो आधी झाडला तरी फरक पडतो. यानंतरही तापत असेल तर इलेक्ट्रिक पंखा.

पण पंखा लावताच पुढचा प्रश्न उभा राहतो, तो करंटचा. जुन्या फियाटमध्ये डायनॅमो असतो आणि गाडी हळू चालताना तो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. म्हणजे ट्रॅफिकमध्ये जेव्हा पंखा सर्वात जास्त लागतो, तेव्हाच करंट नसतो. आधी अल्टरनेटर, मग पंखा. उलट केले तर बॅटरी उतरते आणि दोष पंख्याला मिळतो. जुन्या गाडीत एक काम दुसऱ्याला असे ओढत आणते. ताणा-बाण्यासारखे, एक धागा ओढला की सगळे कापड हलते. अंदाजपत्रक करताना हे ध्यानात न घेतल्यामुळेच खर्च ठरल्याच्या दुप्पट होतो.

हेडलाइटचेही तसेच. ६० वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे १२ व्होल्टवर १० अँपियर, आणि हा सगळा करंट जुन्या वायरींतून आणि जुन्या स्विचमधून जातो. वाटेत दीड व्होल्ट पडला तरी बल्बचा उजेड साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी होतो. लोक यावर जास्त वॅटचे बल्ब घालतात आणि स्विच वितळवतात. दोन रिले आणि बॅटरीपासून थेट जाड वायर, बस. रात्रीचा प्रवास करणाऱ्या व्यापाऱ्याला एवढ्या पैशात याहून मोठा फायदा दुसऱ्या कशात नाही.

टायरबाबत थोडक्यात. मूळ टायर ५.२०-१४ मापाचे क्रॉस-प्लाय. रेडियल घालावेत, पण चारही. एका अॅक्सलवर दोन जाती कधीच नकोत. माप निवडताना पूर्ण चाकाचा व्यास पाहावा. उदाहरणार्थ १६५/८० आर १४ म्हणजे १६५ च्या ८० टक्के १३२ मि.मी., त्याची दुप्पट २६४, अधिक रिमचे १४ इंच म्हणजे ३५६, एकूण ६२० मि.मी. मूळ चाकापेक्षा व्यास बराच वाढला तर गाडीचा पिकअप उलट कमी होतो आणि स्पीडोमीटर खरा वेग दाखवत नाही. टायर रुंद घेऊन पिकअप वाढल्याचे सांगणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. हौसेची गाडी कमी चालते, त्यामुळे नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारे झालेले असते.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार वाहतो. समुद्राकाठच्या गाड्यांत जमिनीचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा आणि पाटा-स्प्रिंग टांगलेल्या जागा आधी सडतात. वरून रंग छान असतो. गाडी लिफ्टवर घेऊन हातोडीने ठोकून पाहिल्याशिवाय एक पैसाही इंजिनात घालू नये. सडलेल्या सांगाड्यावर ताकद वाढवली तर ती जाणार कुठे? किंगपिन आणि बुश नवे करणे, ग्रीस नियमित भरणे आणि चांगले शॉक अॅब्सॉर्बर, एवढ्यावर गाडी सरळ चालते. थानांचा भार वाहावा म्हणून मागे पाटे वाढवण्याची आपल्याकडे रीत आहे. रिकाम्या गाडीची मागची चाके मग खड्ड्यावर उड्या मारतात आणि ब्रेक लावताना तीच आधी घसरतात.

काय घेऊ नये याची यादी लांब होईल, म्हणून दोनच. उघडा 'स्पोर्ट्स' एअर फिल्टर इंजिनाच्या खोलीतली गरम हवा ओढतो. हवा १० अंश सेल्सिअसने जास्त गरम झाली की तिची घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे ताकद वाढण्याऐवजी कमीच होते. दुसरा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. त्याने एक हजार सी.सी.च्या इंजिनाला मिळते काय? मोहल्ल्याची नाराजी आणि पोलिसांची पावती.

कागद

इथपर्यंत सांगितलेली बहुतेक कामे दुरुस्तीची किंवा जोडणीची आहेत. इंजिन बदलणे ही वेगळी गोष्ट. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे की नोंदणी पुस्तकातला तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ कडक लावला. त्याच जातीचे इंजिन बदली घालता येते, तेही आर.टी.ओ.ची पूर्वपरवानगी घेऊन. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. सी.एन.जी. किट मंजूर जातीचे, अधिकृत केंद्रातून बसवून आर.सी.वर नोंदवले तर कायदेशीर आहे. मात्र गॅसवर ताकद पेट्रोलपेक्षा कमीच मिळते, टाकी डिकी खाते आणि तिची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते. पेट्रोलची बचत हवी असेल तर किट घ्यावे. पिकअप हवा असेल तर नाही.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ही फी ६०० वरून ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी १०,०००. पर्यावरण कर वेगळा. त्या वेळी गाडी तपासणीला उभी राहते आणि इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी ताडला जातो. हौसेने घातलेले दुसरे इंजिन तिथे उघडे पडते. सर्व खर्च झाल्यावर.

शिवाय, २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. पण मेळाव्यात, प्रदर्शनात नेता येते. अट अशी की सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांची पन्नाशी उलटली आहे, दरवर्षी आणखी गाड्या त्या ओळीत येत आहेत. ज्याने आज डॅशबोर्ड कापला, इंजिनाची बैठक वेल्ड करून सरकवली, त्याने तो मार्ग स्वतःच बंद केला असे समजा. जाणकार गिऱ्हाईकही अशा गाडीला हात लावत नाही.

कारागीर बंधूंसाठी यात एक संधी आहे. सोलेक्स ऐकून ओळखणारे, ड्रमचे लायनिंग हाताने बसवणारे उस्ताद आता साठीच्या पुढे गेले आहेत आणि त्यांच्याकडे शागिर्द नाहीत. मुले संगणकाची स्कॅनर मशीन शिकतात, ते योग्यच आहे, पण जुन्या गाडीला लावायला स्कॅनरची पिनच नसते. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर आणि ऑपेरा हाऊसच्या बाजारात सुटे भाग अजून मिळतात. ते ओळखून बसवणारे हात कमी होत चालले आहेत. ज्या गॅरेजमध्ये असा एक उस्ताद आणि एक लेथ आहे, त्याने हुनरची किंमत संकोच न करता मागावी. मात्र काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज द्यावा, कोणता भाग नवा, कोणता दुरुस्त केला हे बिलावर लिहावे, आणि कायद्यात न बसणारे काम गिऱ्हाइकाने कितीही पैसे देऊ केले तरी "नाही" म्हणावे. कसाऱ्याच्या घाटात गिऱ्हाईक एकटे असते. पण त्याचे घरचे लोक नंतर गॅरेजच्या दारात येतात.

मालकांना आमची एक विनंती. शंभर रुपये खर्चायचे असतील तर आमच्या मते साठ रुपये सांगाडा, ब्रेक आणि मूळ इंजिनाच्या डागडुजीत जावेत, तीस करंट, थंडावा आणि चाकांत, आणि उरलेल्या दहात हवी ती हौस करावी. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग, मग तो कार्बोरेटर असो, डायनॅमो असो की मूळ रिम, गोणीत भरून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवावा. भंगारवाला त्याचे किलोने पैसे देतो. मूळ भाग शोधत बाजारात फिरावे लागते तेव्हा तोच भाग कुणी किलोने देत नाही.